गाठोड्यातला बत्ता

१

गाठोडं सोडलं, तर पिस्तुलाऐवजी आतून बत्ता निघाला. पितळी, चांगला वीतभर लांब, लसूण कुटायचा बत्ता.

अबू सत्तामने, म्हणजे सत्तामच्या बापाने, तो माझ्यासमोर ठेवला आणि मीच चोर असल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला.

"सिस्टर फादिया, माझं पिस्तूल कपाटावर असतं हे घराबाहेर दोघांनाच ठाऊक. एक अल्ला, आणि दुसरी तू."

हे मात्र खरं होतं. मी ऐन-रुम्माना गावच्या आरोग्य केंद्रात तीस वर्षं लहान मुलांना लस टोचतेय. गेल्या हिवाळ्यात वरून फर्मान आलं, की घरोघरी जाऊन विचारा : हत्यार आहे का, कुठं ठेवता, कुलपात का, गोळ्या वेगळ्या ठेवता का, मुलांचा हात पोचतो का. आमच्या या करकच्या डोंगरात 'घरात बंदूक आहे का' असं विचारणं म्हणजे 'घरात चूल आहे का' असं विचारण्यासारखं आहे, पण विचारलं. या घरी अबू सत्तामने कॉफी पाजली आणि सांगितलं, "कपाटावर आहे, रिकामं आहे, कुणाचा हात पोचत नाही." मी उठून पाहिलं नाही. कॉफी चांगली होती, अजून नऊ घरं व्हायची होती. मी कागदावर 'सुरक्षित' असं लिहिलं आणि निघाले.

"मी कुणाला सांगितलं नाही," मी म्हटलं. "शेवटचं कधी पाहिलंत?"

"दर शुक्रवारी बघतो. आंघोळ झाली की हात वर घालायचा, गाठोडं चाचपायचं. गेल्या शुक्रवारी होतं."

"चाचपलंत. सोडून पाहिलंत?"

मी बत्त्याकडे पाहिलं. वजन साधारण तेवढंच, लांबीही तेवढीच, वर जुना रुमाल गुंडाळलेला. किती शुक्रवार हा माणूस बत्त्यावर हात फिरवून निर्धास्त मनाने नमाजाला गेला होता, कोण जाणे.

"आत गोळ्या किती?"

"सहा."

"मला म्हणाला होतात रिकामं आहे!"

"कागदासाठी रिकामं होतं," तो पुटपुटला.

मला राग आला. मी बसले होते ती खुर्ची करकरली. प्लास्टिकची खुर्ची. या घरात मी तीस वर्षं मांडी घालून गादीवर बसत आले, पण आज त्याच्या बायकोने, उम्म सत्तामने, खुर्ची पुढं केली होती. "गाद्या उन्हात टाकल्यात गच्चीवर," एवढं म्हणून ती लगबगीनं आत गेली होती.

"आणि आजच का खाली काढलंत?"

मागच्या भिंतीपलीकडून ढोल ऐकू येत होता. शेजारच्या अबू अवादच्या मुलाचं, अवादचं, लग्न होतं आज. नमाजानंतर जेवण, मग वरात.

"आमचा सत्ताम सकाळपासून घरात नाही," तो हळूच म्हणाला. "फोन उचलत नाही. आणि तीन आठवड्यांपूर्वी पाण्याच्या टँकरवरून भांडण झालं तेव्हा साऱ्या गल्लीसमोर तो अवादला म्हणाला होता, 'तुझ्या लग्नाच्या दिवशी बघतो तुला.'"

२

अकरा वाजले होते. हातात फार तर तीन तास.

पोलिसांत जा म्हटलं, तर तो एकदम ताडकन उठला. "माझा मुलगा आहे तो! आधी खात्री कर. तू घराघरांत शिरतेस, बायका तुझ्याशी बोलतात. तुझ्या कागदावर माझं घर 'सुरक्षित' आहे ना? मग सांभाळ तुझा कागद."

टोमणा बरोबर जागी बसला. मी उठले.

स्वयंपाकघरात उम्म सत्ताम काचेच्या पेल्याच्या बुडानं लसूण ठेचत होती. पाकळ्या निसटून ओट्यावर पळत होत्या आणि ती त्यांना शिव्या घालत होती. ही माझी मावसबहीण. खोटं बोलायचं असलं की तिचे हात दुप्पट वेगानं चालतात. नवऱ्यानं तिला अजून काही सांगितलं नव्हतं.

"बत्ता कुठं गेला गं तुझा?"

"विचारू नकोस, बाई! नवे ऑलिव्ह घरात आले ना, त्या आठवड्यापासून गायब. पाच आठवडे झाले. रुबा म्हणाली, कचऱ्यात गेला असेल. पितळेचा बत्ता कुणी कचऱ्यात टाकतं का? आईचा होता माझ्या."

रुबा तिची सून, सत्तामची बायको. दहा दिवसांपूर्वी बाळंतपणाला माहेरी झरकाला गेली होती. आठवड्यापूर्वी मुलगा झाला. थोरली, पाच वर्षांची जूद, मात्र इथंच आजीपाशी होती.

"जूद दिसत नाही?"

"खेळतेय." हात आणखी वेगानं चालले. "तुला बघून लपली असेल. तुझ्या पिशवीत सुई असते ना."

हे रोजचंच. मी गल्लीत शिरले की चिमण्या उडाव्यात तशी पोरं पांगतात. तीस वर्षांत एकाही मुलानं मला 'या' म्हटलेलं नाही. तेव्हा मी जास्त विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

३

अबू सत्तामकडे आणखी एक संशयित तयार होता : रजब. हा इजिप्तचा कारागीर, गच्चीवरचा पाणी तापवायचा सोलर दुरुस्त करायला काल पहिल्यांदाच या घरात आला होता. जिन्याच्या पायरीवर तो बसला होता आणि त्याची सगळी हत्यारं, पान्यापासून स्क्रूपर्यंत, जमिनीवर ओतलेली होती. अबू सत्तामनं त्याची पिशवी उलटी केली होती.

"बघा, सिस्टर, बघा," तो म्हणाला. "काय हरवलंय ते हाजी सांगत नाहीत. म्हणतात, 'तुला माहीत आहे.' मला माहीत असतं तर मी परत देऊन मोकळा झालो नसतो का?"

"खोलीत शिरला होतास?"

"खोलीत कशाला? जिना बाहेरून. वर जायचं, खाली यायचं. काल दिवसभर, आज सकाळपासून."

"गच्चीवर गाद्या पसरल्यात, त्यांच्यावर तेलाचे पाय देऊ नकोस. उम्म सत्ताम जीव घेईल."

"कसल्या गाद्या?" तो हसला. "वर एक टाकी, एक सोलर आणि हाजींचे दोन पायजमे. पायजम्यांना मी सलाम करून जातो."

मी हे ऐकलं आणि तिथंच सोडलं. माझ्या डोक्यात सत्ताम होता. नंतर त्या एका वाक्यावरून मी स्वतःला जेवढ्या शिव्या घातल्या, तेवढ्या उम्म सत्तामनं लसणालाही घातल्या नसतील.

"हत्यारं भरून घे," मी रजबला म्हटलं. "तू चोर नाहीस."

"तुम्हाला कसं कळलं?"

मला खरंच कळलं होतं. काल पहिल्यांदा आलेला माणूस पाच आठवड्यांपूर्वी या स्वयंपाकघरातला बत्ता उचलू शकत नाही. पण तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सत्तामची जुनी पांढरी गाडी वळताना दिसली, आणि मी पायजम्यांसकट सगळं विसरून तिच्यामागं धावले.

४

गाडी बेकरीच्या मागच्या मोकळ्या जागेत थांबली होती. मी भिंतीच्या कोपऱ्यावरून डोकावले. सत्ताम पाठमोरा उभा होता. शेजारी अवादची नवीकोरी गाडी. सत्ताम खाली वाकला, काहीतरी चमकदार बाहेर काढलं.

चंदेरी फीत होती ती! हा दांडगा माणूस अवादच्या गाडीच्या आरशाला फुलं बांधत होता आणि त्याला गाठ जमत नव्हती.

"सत्ताम!"

तो असा दचकला, की फुलं खाली पडली. "सिस्टर, तुम्हाला तुमच्या आईची शपथ, बाबांना सांगू नका!"

"काय सांगू नको? हे काय चाललंय?"

"मिटलं आमचं. दहा दिवस झाले. रुबाला झरकाला न्यायचं होतं, माझी गाडी बंद पडली, हा अवाद मागून आला आणि नेऊन सोडलं. मग काय भांडायचं?" तो फुलं झटकत म्हणाला. "पण बाबा आणि याचे बाबा अजून फुगून बसलेत. म्हणून लपून करतोय. लग्नाच्या दिवशी बघतो म्हणालो होतो ना? बघतोय. ही गाठ बघा जरा, सुटतेय सारखी."

मी गाठ मारून दिली. मग सरळ विचारलं, "बाबांचं पिस्तूल कुठंय?"

त्याचा चेहरा उतरला. तो चोराचा चेहरा नव्हता, पहिल्यांदाच ऐकणाऱ्या माणसाचा होता. "कपाटावर नाही?"

"नाही."

"मी हात लावलेला नाही. रुबानं जूदची शपथ घातलीय मला. ती बाबांना तीन वेळा म्हणाली, कुलपात ठेवा, पोरगी चढायला लागलीय. तिन्ही वेळा बाबा हसले. म्हणाले, आमच्या बापजाद्यांपासून तिथंच असतं."

मी बेकरीच्या भिंतीला टेकले. गरम भिंत पाठीला लागली आणि डोकं एकदाचं चालू लागलं.

चोराला गाठोडं पळवायचं असतं, तर पळवून मोकळा झाला असता. हा मात्र मागं बत्ता ठेवून गेला. का? तर अबू सत्ताम गाठोडं नुसतं चाचपतो, सोडत नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणजे घरातलाच माणूस. बत्ता हरवला पाच आठवड्यांपूर्वी, आणि भांडण झालं तीन आठवड्यांपूर्वी. म्हणजे पिस्तूल गेलं तेव्हा भांडण नव्हतंच. सूड घ्यायला कुणी ते उचललंच नव्हतं. मग घरात असा कोण होता, ज्याला पिस्तूल नको होतं, पण त्याच्याबद्दल पुन्हा तोंड उघडण्याचीही सोय उरली नव्हती? 'बत्ता कचऱ्यात गेला असेल' असं कोण म्हणालं होतं?

"सत्ताम," मी म्हटलं, "रुबाला फोन लाव."

५

बाळाच्या रडण्यातून रुबाचा आवाज आला. "सिस्टर? सगळं ठीक ना?"

"रुबा, बत्ता सापडला."

पलीकडे फक्त बाळ रडत राहिलं.

"मी ओरडायला फोन केलेला नाही, बाळा. फक्त सांग, ते कुठं आहे?"

"नाही सांगणार." तिचा आवाज दबका झाला. "आज अवादचं लग्न आहे. मिटलंय खरं, पण सत्तामनं पुन्हा डोक्यात राख घालून घेतली, तर..."

"सत्ताम माझ्यासमोर अवादच्या गाडीला फुलं बांधतोय. आणि वाकडी बांधतोय."

ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मग भडाभडा बोलली. ऑलिव्ह उतरवायचे दिवस, सगळे शेतात. ती पाणी न्यायला घरी आली, तर जूद खुर्चीवर उशी आणि उशीवर डबा ठेवून वर उभी, हात गाठोड्यावर. "म्हणाली, 'आजोबा नेहमी इथं काय कुरवाळतात ते बघतेय.'"

"मग?"

"मग मी ते हलवलं. घरात सगळ्यात सुरक्षित जागी. काळजी करू नका."

"कुठं?"

"पाहुण्यांच्या लाल गाद्या आहेत ना आठ? त्यांच्या चळतीत सगळ्यात खालची. तिचा एक कोपरा उसवला, टॉवेलात गुंडाळून लोकरीत खोल घातलं आणि दाभणानं पुन्हा शिवून टाकला. वर सात गाद्या. जूदला एकसुद्धा हलत नाही. पाहुण्यांचे मुक्काम पडायचे ते उन्हाळ्यात, तोवर मी परत येईनच. कुणाचा हात पोचणार नाही, सिस्टर."

'कुणाचा हात पोचत नाही.' हेच शब्द मी गेल्या हिवाळ्यात ऐकले होते आणि कागदावर उतरवले होते.

मग मला प्लास्टिकची खुर्ची आठवली. आणि रजबची गच्ची : एक टाकी, एक सोलर, दोन पायजमे.

गाद्या घरात नव्हत्या. गाद्या गच्चीवरही नव्हत्या.

६

मी छप्पन्न वर्षांची आहे आणि माझे गुडघे सत्तर वर्षांचे आहेत. तरी त्या दिवशी बेकरीपासून घरापर्यंत सत्ताम माझ्या मागं राहिला.

"गाद्या कुठंयत?" मी दारातूनच ओरडले.

उम्म सत्तामनं आधी नवऱ्याकडे पाहिलं. तो तोंड पाडून कोपऱ्यात बसला होता.

"सांगितलं ना, गच्चीवर..."

"गच्चीवर पायजमे आहेत! खरं सांग!"

तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं आणि हनुवटी वर केली. "दिल्या. काल, मागच्या भिंतीवरून. उम्म अवादकडे दोनशे माणूस यायचंय, ती मला मागते आणि मी नाही म्हणू? भांडण तुम्हा पुरुषांचं. गाद्या माझ्या."

"माझ्या शत्रूच्या घरी माझ्या गाद्या?" अबू सत्ताम उठला.

"बसा खाली!" मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर ओरडले. "तुमचं पिस्तूल त्यातल्या एका गादीत शिवलेलं आहे."

तो बसला.

"आणि जूद?" सत्तामनं विचारलं. "आई, जूद कुठंय?"

उम्म सत्तामचे हात आता अजिबात हलत नव्हते. "तिथंच," ती म्हणाली. "सकाळपासून. गादीवर उड्या मारतायत सगळी पोरं."

तीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या वर्षी, माझ्याकडे सात वर्षांचं एक मूल आणलं होतं. बाप दारात उभा राहून एकच वाक्य म्हणत होता, 'ते रिकामं होतं, ते रिकामं होतं.' त्या मुलाला मी महिनाभर आधी लस दिली होती. मला बघून तेही पळालं होतं. भिंतीवरून पलीकडे उतरताना मला फक्त त्याचे ते पळणारे पाय दिसत होते.

७

लग्नघरात जमीदच्या, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या, ताकाचा वास कोंदला होता. अंगणात मन्सफची, त्या ताकातल्या मटण-भाताची, पातेली उतरत होती, बायका ललकाऱ्या देत होत्या. उम्म अवाद मला बघून हात पसरून आली. मी तिला बाजूला ओढलं.

"उम्म सत्तामच्या गाद्या दाखव. लाल. काही विचारू नकोस."

"लाल? बाई, अकरा घरांच्या गाद्या आहेत इथं, आणि निम्म्या लाल!"

ती मला मोठ्या खोलीत घेऊन गेली. भिंतीकडेनं गाद्याच गाद्या, त्यांच्यावर पाहुण्या बायका. पण आमच्या गावात गादी शिवतानाच एका कोपऱ्याला आपल्या घराच्या रंगाच्या दोऱ्याची गाठ घालतात, म्हणजे उसनी दिली तरी परत येताना वाद नको. उम्म सत्तामचा रंग हिरवा. मी गुडघ्यांवर बसून कोपरे बघत सुटले. बायकांना वाटलं, सिस्टरला वेड लागलं. एक हिरवी गाठ, दोन, पाच, सात. सातही गाद्यांचे चारी कोपरे दाबून पाहिले. लोकरीशिवाय काही नाही.

"आठवी कुठंय?"

"सातच आल्या हिरव्या. मी स्वतः मोजल्या."

आठ दिल्या होत्या. एकीला हिरवी गाठ नसणार. का नसणार? रुबानं एक कोपरा उसवला होता. ज्या कोपऱ्याला गाठ होती, तोच! पुन्हा शिवताना खुणेचा दोरा गेला.

"उम्म अवाद, एखादी गादी अशी आली का, जिला खूणच नाही?"

"हो की! एक आली. कुणाची कळेना. म्हटलं, धनी नसलेली गादी आहे, खराब झाली तरी कुणी भांडायला येणार नाही..."

"मग कुठं टाकलीस?"

"पोरांच्या खोलीत."

ती खोली बोळाच्या टोकाला होती. दार अर्धवट उघडं. आत दहा-बारा मुलं, मधोमध लाल गादी, आणि गादीच्या कोपऱ्याशी जूद वाकून बसलेली. तिनं शिवणीचा एक टाका सोडवला होता. दुसरा दातांनी तोडत होती. एक मुलगा गादीवर टाचा आपटून सांगत होता, "इथं! इथं दगड आहे बघ!"

मागून सत्ताम 'जूद' म्हणून ओरडणार, हे मला त्याच्या श्वासावरून कळलं. मी त्याच्या तोंडावर हात दाबला. ओरडलं असतं, तर ती दचकून तो दगड ओढायला लागली असती. धावलो असतो, तर सगळी गादीवर एकमेकांच्या अंगावर पडली असती.

मग मी खांद्यावरची पिशवी पुढं घेतली, दार सताड उघडलं आणि अगदी रोजच्या आवाजात विचारलं, "हं, कुणाकुणाचं इंजेक्शन राहिलंय?"

खोली एका क्षणात रिकामी झाली. दोघं खिडकीतून गेले, बाकीचे माझ्या पायांमधून. सगळ्यात शेवटी जूद, तोंडात लाल दोऱ्याचा तुकडा घेऊन. सत्तामनं तिला दारातच उचललं आणि मान फिरवून रडायला लागला.

मी दार आतून लावून घेतलं आणि पाठ टेकून उभी राहिले. गादीला हात लावायची माझी हिंमत नव्हती.

८

अबू सत्ताम भिंत ओलांडून आला. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तो त्या घरात पाऊल टाकत होता. दिवाणखान्यातले पुरुष उठून उभे राहिले, अबू अवाद मागोमाग त्या खोलीत आला. अबू सत्तामनं काही न बोलता शिवण फाडली, टॉवेल बाहेर काढला, नळी भिंतीकडे धरून मॅगझीन ओढलं. गोळ्या मोजल्या. सहा.

"झालं," तो म्हणाला आणि पिस्तूल कमरेला खोचायला लागला. "आता रिकामं आहे."

"मागे ओढा," मी म्हटलं.

"काय?"

"वरचा भाग मागे ओढून दाखवा. कागदासाठी नको, खरं रिकामं हवंय मला."

तो चिडला. पण ओढलं. टक् करून सातवी गोळी फरशीवर पडली आणि गडगडत माझ्या चपलेपाशी येऊन थांबली.

पुतण्याच्या बारावीच्या निकालाला त्यानं अंगणात दोन बार काढले होते, दीड वर्षापूर्वी. बार झाला की पुढची गोळी आपोआप नळीत सरकते; तेव्हापासून ही नळीत होती. दर शुक्रवारी तो हिच्यावरून हात फिरवत होता, आणि ज्या गादीवर पोरं टाचा आपटत होती तिच्यातही हीच होती.

अबू अवादनं आम्हाला दिवाणखान्यात नेलं. कडवट कॉफी आली. सगळ्यांत आधी फिंजान, तो बिनकानाचा छोटा पेला, माझ्या हातात दिला. मी तो घेतला आणि समोर जमिनीवर ठेवला.

आमच्याकडे मागणं घेऊन आलेला माणूस फिंजान असा खाली ठेवतो. घरधन्यानं मागणं मान्य केलं, तरच पितो. कॉफी थंड झाली तर लाज घराची. पण हे पुरुषांनी करायचं. बाईनं केलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

"ही पुरुषांची रीत आहे, सिस्टर," अबू सत्ताम म्हणाला.

"बायकांची रीत तुमच्या सुनेनं करून पाहिली. तीन वेळा सांगितलं, तुम्ही हसलात. मग गप्प बसून शिवत बसली. म्हणून मी तुमच्या रीतीनं मागतेय." मी फिंजानाकडे बोट केलं. "लोखंडी पेटी, कुलूप आणि गोळ्या वेगळ्या. या गावातल्या प्रत्येक घरात. आणि जागा बदलली, तर सगळ्या मोठ्यांना ठाऊक हवी. मी तुमच्या घरापुढं 'सुरक्षित' लिहिलं होतं, अबू सत्ताम. न बघता. त्याची लाज माझी आहे. बाकीची तुम्ही घ्या."

अबू अवादनं घसा खाकरला. "माझ्या मुलाच्या लग्नात माझी कॉफी थंड होणार नाही," तो म्हणाला. "माझ्याकडे दोन आहेत. एक गव्हाच्या कोठीत. दुसरं..." त्यानं बायकोच्या दिशेनं चोरटी नजर टाकली, "लग्नाच्या कपड्यांच्या पेटीत. उद्या लोहाराकडे जातो."

"माझं शिलाई मशीनच्या खणात," मागून एक जण म्हणाला. मग दुसरा, मग तिसरा. कुणाचं उशीखाली, कुणाचं कोंबड्यांच्या खुराड्यावर. तीस वर्षं मी ज्या घरांत मुलांना सुया टोचत होते, ती घरं एकेक करून बोलायला लागली. यातली किती मी 'सुरक्षित' लिहिली होती!

अबू सत्ताम तेवढा राहिला. फिंजानावरची वाफ गेली होती. त्यानं कोटाच्या खिशात हात घातला, बत्ता काढला आणि माझ्या फिंजानाशेजारी ठेवला.

"पेटी येईपर्यंत पिस्तूल चौकीत राहील," तो म्हणाला. "किल्ली माझ्या गळ्यात. आणि रुबाला आणायला सत्ताम नाही, मी जाईन."

मी कॉफी प्यायले. कोमटच होती. पण तितकी चांगली कॉफी मी पुन्हा कधी प्यायले नाही.

९

बाळ चाळीस दिवसांचं झालं, तेव्हा मी त्या घरी गेले. गल्लीत वळतानाच आतून आवाज आला : खलबत्त्यात लसूण कुटल्याचा, टण् टण्. मला पेटी दाखवायला अबू सत्ताम स्वतः उठला. या वेळी मी उठून पाहिलं. कुलूप ओढून पाहिलं. दोनदा.

दारात जूद उभी होती. तिनं माझा चेहरा पाहिला, मग पिशवी पाहिली आणि धूम ठोकली, भिंतीवरून पलीकडे, दोन्ही चपला इकडेच टाकून.

"जूद! अगं, तुझं इंजेक्शन नाहीये!" रुबा ओरडली.

"पळू दे तिला," मी म्हटलं, आणि तिचे पाय दिसेनासे होईपर्यंत बघत राहिले.